यात्रेचा निर्णय देवीवर सोपवावा का? (कौल, गाऱ्हाणं आणि पंचांची जबाबदारी)

शिवारकर

नमस्कार मंडळी.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात, पश्चिमेच्या अंगाला. भात, रताळी, बटाटा करणारं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण विषय अजून चालू आहे आणि वाचणाऱ्यांत गावचे लोकही असतील. यंदा देवस्की पंच कमिटीत, म्हणजे गावातली देवकार्यं बघणाऱ्या पंचांच्या कमिटीत, मला घेतलं आणि हिशेब नि पत्रव्यवहार माझ्याकडे दिला. कमिटीत मी वयानं सगळ्यात लहान.

गावात महालक्ष्मीची यात्रा होऊन बरीच वर्षं झाली. लांबच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडची लक्ष्मी यात्रा म्हणजे दरवर्षीची जत्रा नव्हे. बऱ्याच वर्षांनी एकदा येते. आधी वार पाळणूक असते, त्या वारी शिवारात कुणी काम करत नाही. मग देवीचं लग्न, म्हणजे अक्षतारोपण. रथातून देवी गावभर फिरते, गदगेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या बैठकीच्या जागी, बसते, माहेरवाशिणी ओट्या भरतात आणि शेवटी देवी सीमेकडे जाते. तेवढे दिवस प्रत्येक घरात पैपाहुणे. घर रंगवायचं, लेकी-जावयांना आहेर करायचा, मटणाची जेवणं घालायची. गावाची वर्गणी एक, आणि घराचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

निम्मं गाव म्हणूलंय, यात्रा घ्या, म्हातारी माणसं डोळे मिटायच्या आत देवीला रथात बघू देत. निम्मं म्हणूलंय, थोडं थांबा, गेल्या पावसात भात आडवं झालं, रताळ्याला दर नाही, पोरांच्या फिया भरायच्यात. बैठकीत आवाज चढले. शेवटी एका ज्येष्ठ पंचांनी तोड काढली, "कौल लावूया. देवी म्हणेल तसं करूया." सगळ्यांनी मान डोलावली आणि बैठक उठली.

माझी देवीवर श्रद्धा आहे. घरातला कुठलाही मोठा निर्णय आम्ही तिच्या कानावर घातल्याशिवाय घेत नाही. खरं त्या माना डोलताना बघून वाटलं, यातल्या कितीजणांना देवीचं म्हणणं ऐकायचंय आणि कितीजणांना फक्त आपल्या तोंडून वाईटपणा यायला नकोय? उद्या कौल उजवा, म्हणजे होकाराचा, आला आणि एखाद्या घरानं कर्ज काढून यात्रा केली, तर त्या घराला जाब कुणी द्यायचा? देवीनं की आम्ही पंचांनी?

देवाला विचारून पाऊल टाकावं असं मनापासून वाटतं. कसं विचारावं, काय विचारावं आणि पुढारपण करणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर काय घ्यावं, हे जाणकारांनी सांगावं.

मलप्रभाकाठ

आमचं गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. शिवारकर, कौलाला कमी लेखू नका. आमच्यात देवळाचा जीर्णोद्धार करताना गाभारा हलवायचा की नाही यावरून वरची गल्ली आणि खालची गल्ली बोलेनाशी झालती. एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद. कौल लावला, "हलवू नका" असा आला, आणि दोन्ही गल्ल्या गप बसल्या. हेच पंचांनी सांगितलं असतं तर निम्म्या गावानं पंचांना शिव्या घातल्या असत्या. देवानं सांगितलं म्हटल्यावर कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. शेवटी त्याच गावात सगळ्यांना राहायचं असतंय.

गुरवघर

मी गुरव घराण्यातला. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या भागात नोकरी करतो, खरं पाळी आली की पूजेला गावी असतोच. आजोबा कौल लावायचे, वडील लावतात, मी शेजारी बसून शिकलोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण कौल मागणारे पुष्कळ आहेत आणि त्याची पथ्यं पाळणारे कमी उरलेत.

आमच्याकडे पूजा झाली की ओल्या कळ्या देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला लावतात. गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दर देवस्थानाची रीत थोडी वेगळी. कधी लगेच पडते, कधी तासभर सगळे हात जोडून उभे असतात. त्या तासाभरात माणसं खूप काही विचार करतात, हे मी जवळून बघितलंय. काहीजण तर कळी पडायच्या आधीच "जाऊ दे, आपण मिटवून घेऊ" म्हणून बाहेर पडलेत.

आजोबांची पथ्यं अशी होती. प्रश्न पंचांनी ठरवायचा, गुरवानं नाही. गुरव देवाचा सेवेकरी, गावचा कारभारी नव्हे. प्रश्न सगळ्यांसमोर, मोठ्यानं आणि एकदाच विचारायचा. मनासारखं आलं नाही म्हणून शब्द फिरवून परत विचारणं म्हणजे देवाला छळणं. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी घ्यायची तयारी असेल तरच उंबरा ओलांडायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे माणसाला विचारून कळतं ते देवाला विचारायचं नाही. एकदा दोघे भाऊ बांधाच्या भांडणाचा कौल मागायला आले. आजोबांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "आधी मोजणी करून आणा. सर्व्हेअरला कळतंय त्यासाठी देवाला कशाला उठवता?"

तुमच्या गावातल्या किती घरांना यात्रा झेपते, हे घरोघरी जाऊन कळण्यासारखं आहे. ते आधी कळू दे. मग देवीपुढं ठेवायला काय उरतं ते बघा. कदाचित प्रश्नच वेगळा निघेल.

पुण्यातला बेळगावी

मी देव मानत नाही हे आधी सांगतो, आणि गावच्या यात्रेला रजा काढून येतो हेही सांगतो. ओली कळी कुठल्या बाजूची आधी सुटेल हे तिचा ओलावा, ती कशी दाबली आणि वारा कसा आहे यावर ठरतं, असं माझं मत. त्यावर एवढ्या घरांचा खर्च ठरू नये. एका घराला एक चिठ्ठी द्या आणि गुप्त मतदान घ्या. ग्रामपंचायतीला करतोच की मतदान.

गुरवघर

तुमच्या मताचा आदर आहे. मतदान घ्या, माझी हरकत नाही. खरं मतदानात एक्कावन्न घरं एकोणपन्नास घरांवर यात्रा लादू शकतात. ती एकोणपन्नास घरं पुढची कित्येक वर्षं तुमच्या समोरच राहणार असतात. ग्रामपंचायत पाच वर्षांनी बदलते, भावकी बदलत नाही.

माळकरी

रामकृष्णहरी. गळ्यात माळ आहे, आषाढीला दिंडीबरोबर पायी जातो, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

पेचात सापडलेला आणि देवाला विचारणारा पुढारी म्हटलं की अर्जुनच डोळ्यासमोर येतो. माझं ज्यात भलं ते निश्चित करून सांग, असं तो सरळ विचारतो. देव त्याला "लढ" असं सांगतोही, अनेकदा सांगतो. तरी तेवढ्यावर थांबत नाही. अठरा अध्याय समजावतो, अर्जुनाच्या उलटसुलट शंका ऐकून घेतो. आणि सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात म्हणतो, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात देव रथावर बसलेला असताना निर्णय अर्जुनाच्याच हातात राहिला. त्यानंतर अर्जुन म्हणतो, माझा मोह गेला, संशय फिटला, आता तू म्हणतोस तसं करीन. देवाकडून त्याला आधी निवळलेलं मन मिळालं आणि निर्णय त्या मनातून आला. मला स्वतःला देवाच्या मार्गदर्शनाची याहून चांगली रीत माहीत नाही.

समर्थांनी दासबोधात तेच कारभाऱ्यांच्या भाषेत सांगितलंय. "सामर्थ्य आहे चळवळेचें । जो जो करील तयाचें । परंतु तेथें भगवंताचें । अधिष्ठान पाहिजे ॥" हातपाय आपण हलवायचे आणि खाली पाया भगवंताचा ठेवायचा. हातपाय न हलवता नुसता पाया धरून बसलं तर घर उभं राहत नाही.

अहिल्याबाई होळकरांचं बघा. १७६७ ते १७९५ एवढा मोठा कारभार त्यांनी केला. हुकमांवर "श्रीशंकर" असायचं, राज्य शिवाचं मानलेलं. आणि त्याच बाई दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकायच्या, हिशेब स्वतः बघायच्या. देवाच्या नावानं कारभार करायचा तर तो जास्तच चोख हवा, अशी ती वृत्ती.

शिवारकर, एक करून बघा. पुढच्या बैठकीच्या आधी पंचांनी देवळात बसून हरिपाठ म्हणावा. हरिपाठ म्हणून उठलेल्या माणसाच्या तोंडून शेजाऱ्याचं उणंदुणं सहसा निघत नाही.

निपाणीची लेक

माझं लिहिणं कडू वाटेल, तरी लिहिते.

आमच्या भागात कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांची भाकणूक होते. पाऊसपाणी, पिकं, राजकारण, सगळ्यावर भाकीत. आजी ती मन लावून ऐकायची, शब्द न् शब्द लक्षात ठेवायची. आणि पेरणीच्या वेळी शिवारात जाऊन माती हातात घेऊन ओल बघायची, मगच तिफणीचं बोलायची. तिला या दोन्हींत विरोध वाटला नाही. मलाही वाटत नाही.

खरं याच जिल्ह्यात सौंदत्तीचा डोंगर आहे. यल्लम्मा आमच्याही घरची देवी, पुनवेला आम्ही जातो, जोगवा आमच्या दारात येतो. त्याच देवीच्या नावानं काय झालं ते विसरू नका. मुलीच्या केसांत जट दिसली की "देवीनं बोलावलं" म्हणायचं आणि मुलगी देवाला सोडायची, देवदासी करायची. न विंचरल्या, न धुतल्या केसांचा गुंता, तो देवीचा निरोप ठरला. ठरवणारे कोण? आईबाप, पुजारी, गावातले मोठे. कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा झाल्यावरही लगेच थांबलं नाही. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. निर्णय देवीच्या नावावर चढला आणि आयुष्यभर भोगलं त्यांनी.

तेव्हापासून माझी कसोटी ठरलेली आहे. देवाचा शब्द म्हणून जे सांगितलं जातंय त्याचा भार कुणावर पडतोय? सांगणाऱ्यावर पडत असेल तर मी कान देऊन ऐकेन. जो त्या बैठकीत नाही, ज्याला तिथं बोलायची सोय नाही, त्याच्यावर पडत असेल तर तो देवाचा शब्द नव्हे. मग तो कुणी का सांगेना.

शिवारकर, तुमच्या कमिटीत बायका किती? त्या दिवसांत पहाटे चारला उठून रांधणार कोण?

शिवारकर

निपाणीच्या ताई, कमिटीत एकही बाई नाही. आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उद्याच हा विषय काढतो.

संघातली ताई

निपाणीच्या ताईंनी नेमकं विचारलं. मी आमच्या गल्लीचा महिला संघ बघते. यात्रेचं कर्ज निघतं ते बाईच्या नावावर, हे पंचांना माहीत असतं का? नवऱ्याला सोसायटी देत नाही, मग संघातून घे, मायक्रोफायनान्सवाल्यांकडून घे, सोनं गहाण ठेव. हप्त्याच्या दिवशी दारात उभं राहायचं तिनंच. वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ साली कर्नाटक सरकारला त्यासाठी वटहुकूम काढावा लागला.

मी यात्रेच्या विरुद्ध नाही हो. देवीची ओटी भरायला माहेरी जायचं म्हणजे बायकांना केवढा आनंद असतो. वर्षानुवर्षं न भेटलेल्या मैत्रिणी भेटतात. माझी आई तर लक्ष्मीचं लग्न म्हटलं की रडायलाच लागायची. खरं ओटी देवीला लागते, आहेर माणसांना लागतो. आहेर बंद, मांडव-रोषणाईला मर्यादा, जेवणं एकाच दिवशी, असा ठराव पंचांनी करावा. एकट्या घराला आहेर बंद करता येत नाही, तोंड दाखवायला जागा राहत नाही. गावानं मिळून केला तरच होतो. पुढारपण हवं ते इथं हवं.

कॅम्पातला

मी ख्रिस्ती. बेळगाव कॅम्पात वाढलो, घरात मराठी. तुमच्या यात्रेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, खरं मूळ प्रश्न आमच्याकडेही तोच आहे, म्हणून लिहितो.

बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत सुरुवातीलाच येतं की यहूदाच्या जागी एक माणूस नेमायचा होता. शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. पण चिठ्ठ्या टाकायच्या आधी त्यांनी सुरुवातीपासून बरोबर असलेली, सगळं डोळ्यांनी पाहिलेली दोनच माणसं निवडली होती आणि प्रार्थना केली होती. दोघांपैकी कुणाचंही नाव निघालं असतं तरी चाललं असतं. पुढं पवित्र आत्मा उतरल्यानंतर शिष्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं त्या पुस्तकात कुठं येत नाही.

नंतर यरुशलेमेत मोठा वाद झाला. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचं सगळं ओझं घालायचं का, असा प्रश्न होता. तिथं सगळ्यांचं ऐकून घेतलं, बाहेर काम करून आलेल्यांचा अनुभव ऐकला, मग निर्णय झाला आणि ओझं हलकं केलं. पत्रात त्यांनी कळवलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं. देवाचं नाव घेतलं आणि त्याखाली स्वतःही उभे राहिले.

शलमोन राजा झाला तेव्हा काय हवं ते माग, असं देवानं त्याला स्वप्नात विचारलं. त्यानं आयुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही, वैऱ्यांचा नाश मागितला नाही. लोकांचा न्याय करायचा आहे, बरंवाईट ओळखण्याची बुद्धी दे, एवढंच मागितलं. आमच्या मंडळीत कमिटी निवडून आली की मी हा उतारा काढून वाचतो.

मलप्रभाकाठ

सगळे म्हणूलेत विचार करा, विचार करा. अहो, विचार करूनच गाव अडलंय की. दोन्ही बाजूंना कारणं आहेत, दोन्ही बाजूंची माणसं चांगली आहेत. तिथं कधीतरी थांबून देवाच्या पायावर डोकं ठेवावं लागतंय. सगळंच माणसाच्या हिशेबात बसत नाही. हे तुम्ही शिकलेली माणसं विसरूलाय, म्हणून परत सांगितलं.

माळकरी

मलप्रभाकाठ, तुमचं खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. विचार करूनही दोन वाटा सारख्याच उरल्या तर देवाच्या पायाशी जावंच. मला एवढंच म्हणायचं होतं की तिथं जाताना आपला विचार घरी ठेवून जाऊ नये.

पुण्यातला बेळगावी

एक उदाहरण देतो, कारण देवाचं नाव कसं वापरलं जातं ते त्यात दिसतं. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, इथं सरपंचपदासाठी बोली लागली आणि पैसा देवळाला जाणार होता. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. देवळाचं काम चांगलंच असतं, पण गावकऱ्यांचा निवडीचा हक्क त्यात विकला जात होता. तुमच्या गावात तसं काही नाही हे कळतंय. फक्त देवाच्या नावाखाली गावकऱ्याचं तोंड बंद होऊ नये, इतकंच.

शिवारकर

मंडळी, उशिरा लिहितोय, मधे बरीच धावपळ झाली.

बैठकीआधी हरिपाठ म्हटला. निपाणीच्या ताईंचा प्रश्न मी जसाच्या तसा वाचून दाखवला. थोडी कुजबुज झाली, खरं ज्येष्ठ पंच स्वतः म्हणाले, "बरोबर आहे तिचं." प्रत्येक गल्लीतून एक अशा बायका कमिटीत घेतल्या. मग त्या आणि तरुण मंडळाची पोरं मिळून घरोघरी गेली. चिठ्ठीवर नाव नाही. यात्रा हवी का, आणि खर्च कशातून करणार, एवढंच विचारलं.

यात्रा हवी म्हणणारी घरं जास्त निघाली. आणि त्यातल्याच पुष्कळ घरांनी खाली लिहिलं, "कर्ज काढून". ही चिठ्ठ्यांची चळत ज्येष्ठ पंचांनी एकेक करून वाचली. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. कौलाची गोष्ट त्यांनीच परत काढली, म्हणाले, "हे बघून आता देवीला ‘घेऊ का’ असं विचारायचं तोंड नाही. ते आपण ठरवायचं."

असं ठरलं. यात्रा घ्यायची, यंदा नाही, पुढच्या सुगीनंतर. तोवर प्रत्येक घर महिन्याला थोडी थोडी रक्कम देवस्कीच्या खात्यावर ठेवेल, नको झाल्यास परत मिळेल. आहेर बंद. मटणाचं जेवण एकाच दिवशी. मांडव साधा. रथाच्या वाटेवरच्या विजेच्या तारांचं हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, आत्ताच पत्र द्यायचं. ठरावाखाली सगळ्या पंचांच्या सह्या, बायकांच्याही. गावात कुणाला त्रास झाला तर या सह्या केलेल्यांना येऊन विचारायचं, हे ठरावातच लिहिलं.

कौल लावणार आहोत. सुगीनंतरचे दोन महिने गावाला सारखेच सोयीचे आहेत. त्यातला कुठला, ते देवीला विचारायचं.

गाऱ्हाणं मी लिहून काढलंय. जाणकारांनी बघावं.

"आई महालक्ष्मी, आम्ही तुझे पंच आणि गावकरी तुझ्या पायाशी आलोय. तुझी यात्रा घ्यायचं आम्ही ठरवलंय. ठरवताना घराघराला विचारलंय. कुणाच्या चुलीला झळ बसू नये असं बघितलंय. आमच्या नजरेतून काही सुटलं असेल तर चूक आमची, शिक्षा आम्हाला कर, गावाला करू नको. दोन महिने तुझ्यापुढं ठेवलेत. तुला बरा वाटेल तो घे."

गुरवघर

चांगलं लिहिलंय. एक ओळ बदला. गाऱ्हाण्यात शिक्षा मागत नाहीत, देवीच्या दारात वाईट शब्द काढायचा नसतो. त्या जागी असं म्हणा, "काही सुटलं असेल तर वेळेत आमच्या ध्यानात आणून दे आणि ते निस्तरायचं बळ दे." आणि "पंच आणि गावकरी" म्हणताना माहेरवाशिणींचं नाव घ्या. यात्रा त्यांचीही आहे.

शिवारकर

दोन्ही बदल केले. धन्यवाद गुरवबुवा. मंगळवारी कौल आहे.

संघातली ताई

मंगळवारी गाऱ्हाणं घालताना कमिटीतल्या बायकांना मागं सभामंडपात ठेवू नका, पंचांच्या ओळीत उभं करा. सह्या केल्यात त्यांनी.